दिनाँला जाताना : बंदरापासून चढा आणि रात्री थांबा

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी हा प्रांत समुद्रात लांबवर घुसलेला आहे. तिकडे पहिल्यांदा जाणारे आपले बहुतेक लोक नॉर्मंडीतलं मों-सँ-मिशेल बघतात, तिथून सँ-मालोच्या तटावर येतात आणि मधल्या रिकाम्या वेळात दिनाँ उरकतात. बस वरच्या चौकात उतरवते. लाकडी घरांचे फोटो निघतात, कॉफी होते आणि दोन तासांत बस सुटते. मला याचं फार वाईट वाटतं. हे गाव राँस नदीपासून सुमारे ७५ मीटर उंचीवर आहे आणि त्याचा सगळा इतिहास त्या चढणीवर घडलेला आहे. ती चढण न चढता दिनाँ पाहणं म्हणजे रायगड रोपवेने जाऊन अर्ध्या तासात परत येण्यासारखं आहे.

म्हणून हा लेख दोन रात्रींचा बेत धरून लिहिला आहे. पहिल्यांदा युरोपला निघालेल्यांना नजरेसमोर ठेवलं आहे, त्यामुळे ज्यांना व्हिसा आणि रेल्वेची सवय आहे त्यांनी मधले भाग सोडून सरळ खालच्या ‘पहिली संध्याकाळ’ या भागावर जावं.

कधी जायचं

बुधवारी दुपारी पोचा, शुक्रवारी दुपारी निघा. कारण साधं आहे : दिनाँचा मोठा बाजार गुरुवारी सकाळी भरतो. रविवारी-सोमवारी बरीच दुकानं आणि खाणावळी बंद असतात, रविवारी गाड्याही कमी असतात. सोमवारी पोचलेला माणूस बंद दारं बघत फिरतो आणि गावाला नावं ठेवतो.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सगळ्यात चांगले. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे जेवण झाल्यावरही गाव हिंडता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोकांच्याच सुट्ट्या असतात, गर्दी होते. दर दोन वर्षांनी जुलैत तिथे ‘फेत दे राँपार’ म्हणजे तटबंदीचा उत्सव होतो. सगळं गाव मध्ययुगीन कपड्यांत वावरतं. तो बघायचा असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या, आणि बघायचा नसेल तर त्या तारखा टाळा. हिवाळ्यात गाव शांत असतं, पण बरीच स्थळं बंद असतात आणि डिसेंबरात संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला दिवस मावळतो.

पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. आपल्यासारखा कोसळत नाही. बारीक भुरभुर असते, तिला ‘क्राशँ’ म्हणतात. छत्रीपेक्षा टोपी असलेलं रेनकोट-जॅकेट बरं. आणि बूट. बुटांबद्दल पुढे पुन्हा बोलायचं आहे.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा, लागतो. फ्रान्सचा अर्ज ऑनलाइन भरून मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस या व्हिसा-अर्ज केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यातल्या प्रवासासाठी दोन-तीन महिने आधी केलेला बरा, कारण अपॉइंटमेंटच मिळत नाही. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवासविमा सक्तीचा. अनेक देश करणार असाल तर ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो.

पोचायचं कसं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. तिथून ब्रिटनीच्या गाड्या माँपार्नास स्थानकातून सुटतात. विमानतळावरून आरईआर बी ही लोकल पकडायची, दाँफेर-रोशरो स्थानकाला उतरायचं आणि मेट्रोच्या ४ किंवा ६ क्रमांकाच्या लाइनने माँपार्नास गाठायचं. विमान उतरण्याच्या वेळेत आणि गाडीच्या वेळेत चार तासांचं अंतर ठेवा. विमानतळावरच्या स्थानकातून ब्रिटनीचं मुख्य शहर रेन इथे थेट जाणाऱ्याही काही टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान गाड्या, आहेत. त्यांतली एखादी तुमच्या वेळेला जुळली तर पॅरिस शहरात शिरायचीच गरज नाही.

माँपार्नासहून रेन टीजीव्हीने दीड तासावर आहे. टीजीव्हीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. रेनहून सँ-मालोच्या बाजूला जाणारी टीईआर, म्हणजे प्रांतिक पॅसेंजर, घ्यायची. डॉल-द-ब्रतान्यला उतरून दिनाँची छोटी गाडी पकडायची. डॉलला गाड्या थोड्याच आहेत, म्हणून आधी डॉल-दिनाँ गाडीची वेळ बघा आणि तिथून उलट मोजत पॅरिसची गाडी ठरवा. बहुतेक नवखे उलटं करतात आणि डॉलच्या फलाटावर दोन तास बसतात. सँ-मालोहून येणार असाल तर ‘ब्रेझगो’ ही प्रांतिक बससेवा आहे, रविवारी तिच्याही फेऱ्या कमी.

दिनाँला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. हे स्थानक १९३१ सालचं आहे आणि स्वतःच एक संरक्षित वास्तू आहे. आतले मोझेकचे नकाशे बघा. गावाचा आणि आसपासच्या प्रदेशाचा अंदाज तिथेच येतो.

मुक्काम

स्थानकापासून जुनं गाव पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. खोली तटबंदीच्या आत, वरच्या भागात घ्या. बंदरावरच्या खोल्या देखण्या असतात, पण प्रत्येक वेळी वर यायचं तर तीच चढण. जुन्या घरांना बहुधा लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, गोल फिरणारे असतात. बुकिंग करताना मजला विचारून घ्या. चाकांची बॅग गोट्यांच्या फरसबंदीवर जवळजवळ निकामी ठरते, म्हणून पाठीवरची सॅक आणा.

पहिली संध्याकाळ : झेर्झ्युआल

सामान टाकलं की थेट खाली उतरा. ऱ्यू द्यु झेर्झ्युआल ही गल्ली गावाच्या मध्यातून निघते, झेर्झ्युआलच्या वेशीतून तटाबाहेर पडते आणि मग ऱ्यू द्यु पती-फोर असं नाव घेऊन नदीपर्यंत जाते. उतार इतका तीव्र आहे की जुन्या ग्रॅनाइटच्या गोट्यांवर पाऊस पडला असेल तर भिंतीच्या कडेने चालावं लागतं. बूट रबरी तळाचे, पकड असलेले हवेत ते यासाठीच. उतरताना फक्त पायाकडे लक्ष द्या. घरं बघायला चढताना भरपूर वेळ आहे.

खाली बंदर लागतं. बंदर म्हटलं तरी हा समुद्र नाही, राँस नदीचा धक्का आहे. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर सँ-मालोकडून गलबतं इथवर वर यायची. आता खालच्या बाजूला शातलिएचा बंधारा आणि लॉक (होड्या वर-खाली नेणारा दरवाज्यांचा हौद) आहे, त्यामुळे पाणी स्थिर असतं आणि धक्क्याला शिडाच्या छोट्या होड्या बांधलेल्या दिसतात. कापड, कातडी, लाकूड, धान्य, जे काही या गावात यायचं किंवा गावातून जायचं ते याच धक्क्यावरून आणि याच गल्लीतून. इथलं तागाचं कापड आणि शिडाचं जाड कापड सँ-मालोमार्गे दूरदूर जात असे.

धक्क्यावर उभं राहून मागे वळा. डोक्यावर दगडी पूल दिसतो : ४० मीटर उंच, सुमारे २५० मीटर लांब, दहा कमानींचा. तो १८५२मध्ये खुला झाला आणि वाहतूक वरच्या वर, पलीकडच्या टेकडीवरून थेट गावात जाऊ लागली. झेर्झ्युआलचा धंदा बसला. मला वाटतं, आपल्याला आज ही गल्ली जवळजवळ तशीच बघायला मिळते त्याचं श्रेय त्या पुलाला आहे. रहदारी राहिली असती तर रस्ता रुंद करण्यासाठी ही घरं केव्हाच पाडली गेली असती.

आता सावकाश चढायला लागा. घरांचा सांगाडा लाकडाचा आणि मधल्या जागी गिलावा. माडी खालच्या भिंतीच्या पुढे आलेली, दुसरी माडी आणखी पुढे. काही घरांच्या तळमजल्याला खिडकीखाली दगडी किंवा लाकडी फळी आहे. ते दुकान : झडप उघडून माल फळीवर मांडायचा. वाटेत गव्हर्नरचं घर म्हणून ओळखला जाणारा १५व्या शतकातला मोठा वाडा लागतो. आज या गल्लीत कुंभार, काचकाम करणारे आणि चित्रकार यांची कामाची जागा आणि दुकान एकत्रच असतं. दारातून नुसतं बघितलं तरी चालतं, पण आत पाऊल ठेवताना ‘बाँजूर’ म्हणा. हा शब्द फ्रान्समध्ये अतिशय महत्त्वाचा आहे. न बोलता आत शिरून वस्तू हाताळणं त्यांना उद्धटपणा वाटतो, आणि आपल्याला वाटतं की लोक तुसडे आहेत.

दम लागला की वेशीपाशी थांबा. वेशीच्या कमानीतून खाली बघितलं की या गावाची रचना एका नजरेत कळते : शत्रू असो की व्यापारी, वर यायचं तर धापा टाकतच यावं लागायचं.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी ही वाट हट्टाने चढू नये. टॅक्सीने बंदरावर जाऊन टॅक्सीनेच परत या, आणि वर सँ-सोव्हर चर्चमागच्या ‘जार्दँ आँग्ले’ बागेत बसा. तटाच्या कडेवरची ही बाग सपाट आहे आणि राँसचं खोरं, पूल, बंदर सगळं तिथून दिसतं.

गुरुवार : बाजार आणि एक हृदय

सकाळी नऊच्या आत द्यु गेक्लँ चौकात पोचा. बाजार या चौकात आणि शेजारच्या प्लास द्यु शाँमध्ये भरतो. भाजी, चीज, मासे, फुलं, कपडे. भाजीला हात लावून निवडायचं नाही, विक्रेता देतो. मिठाचं लोणी इथलं वैशिष्ट्य. ब्रिटनीला फ्रान्सच्या राजांचा मीठकर लागू नव्हता, मीठ स्वस्त होतं, म्हणून इथलं लोणी खारट झालं आणि तसंच राहिलं.

चौकातला घोडेस्वार पुतळा बेर्त्राँ द्यु गेक्लँचा. शिल्पकार एमान्युएल फ्रेमिए, साल १९०२. १४व्या शतकाच्या मध्यात इंग्रजांनी गावाला वेढा घातला होता. तह चालू असताना टॉमस ऑफ कँटरबरी नावाच्या इंग्रज सरदाराने द्यु गेक्लँच्या धाकट्या भावाला पकडलं. त्यावरून दोघांचं द्वंद्वयुद्ध याच मैदानात झालं आणि द्यु गेक्लँ जिंकला. तो जिंकणार असं भाकीत करणारी गावातली तिफेन रागनेल पुढे त्याची बायको झाली. १३७०मध्ये तो फ्रान्सचा सरसेनापती झाला. फ्रेंच राजाच्या बाजूने लढला म्हणून काही ब्रेटन लोक त्याला आजही फितूर मानतात. त्यामुळे त्याच्याबद्दल स्थानिकांशी बोलताना थोडं ऐकून घ्या, मग मत द्या.

चौकातून आत, जुन्या गाभ्यात शिरा. प्लास दे मेर्सिए आणि ऱ्यू द लापोर इथे लाकडी घरं सर्वात दाट आहेत. काहींचा वरचा मजला लाकडी खांबांवर तोललेला आहे आणि खाली आपल्या पडवीसारखी जागा, तिथे व्यापारी माल मांडत. रस्त्यांची नावं धंद्यांवरून आहेत. ऱ्यू द ला कोर्दोनरी म्हणजे जोडे करणाऱ्यांची आळी. पुण्यातली तांबट आळी किंवा कासार आळी माहीत असलेल्याला ही नावं लगेच जवळची वाटतात.

पुढे घड्याळाचा मनोरा, तूर द लोर्लोज. १५व्या शतकातला, १५८ पायऱ्यांचा. यातली मोठी घंटा ब्रिटनीची डचेस ॲन हिने १५०७मध्ये दिली. ॲन दोन फ्रेंच राजांची राणी झाली, पण ब्रिटनीत तिला आजही आपली डचेस म्हणूनच ओळखतात. प्रांत अधिकृतपणे फ्रान्सला जोडला गेला तो तिच्या मृत्यूनंतर, १५३२मध्ये. मनोरा पर्यटनाच्या मोसमातच उघडा असतो. वेळ किल्ल्याजवळच्या पर्यटन कार्यालयात विचारा. वरून छपरांचे कोन बघितले की गल्ल्या इतक्या वाकड्या का हे समजतं.

आणि मग सँ-सोव्हर. या चर्चसाठी पाऊण तास ठेवा. आत शिरून मधोमध उभे राहा : उजवीकडची भिंत १२व्या शतकातली, रोमानेस्क, जाड आणि जवळजवळ बंद, डावीकडे नंतरच्या काळातलं उंच गॉथिक बांधकाम. दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. ही इमारत रिव्हालाँ नावाच्या सरदाराने क्रूसेडहून परतल्यावर बांधायला घेतली असं सांगतात.

डाव्या हाताला, उत्तरेकडच्या पाखेत एक दगडी स्मारक आहे. त्यात द्यु गेक्लँचं हृदय आहे. तो १३८०मध्ये दक्षिणेत, शातोनफ-द-राँदाँच्या वेढ्यात वारला. दिनाँला पुरा अशी त्याची इच्छा होती. उन्हाळ्याचे दिवस, लांबचा प्रवास. आतडी ल प्यी गावात ठेवली गेली, मांस माँफेराँमध्ये, अस्थी राजाच्या हुकमाने सँ-दनीत राजांच्या शेजारी, आणि इथवर पोचलं ते फक्त हृदय. आधी ते डोमिनिकन मठात होतं, १८१०मध्ये इथे आणलं. त्या दगडापुढे मी बराच वेळ उभी होते. एवढं मोठं आयुष्य, आणि घरी आलं ते एवढंसं.

दुपारनंतर किल्ला. ब्रिटनीचा ड्यूक जाँ चौथा याने १४व्या शतकाच्या अखेरीस बांधलेला उंच, गोलसर बालेकिल्ला. दुरुस्तीनंतर २०१९मध्ये पुन्हा उघडला. सह्याद्रीतले किल्ले हिंडलेल्याला हा लहान वाटेल. पण हा किल्ला राहण्यासाठीही होता : एकावर एक खोल्या, शेकोट्या, प्रार्थनाघर. आणि सुमारे तीन किलोमीटरच्या तटबंदीचा बराच भाग पायी, मोफत फिरता येतो.

जेवण

दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सात ते नऊ. अडीच वाजता भूक लागली तर ब्रेडच्या दुकानावरच भागवावं लागतं.

इथला मुख्य पदार्थ गालेत. कुट्टूच्या (बकव्हीटच्या), म्हणजे ‘सारासँ’ किंवा ‘ब्ले न्वार’च्या पिठाचं, बिडाच्या मोठ्या तव्यावर घातलेलं, घावनासारखं जाळीदार धिरडं. गव्हाच्या पिठाची गोड ती क्रेप. शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा : मेनूवरच्या ‘काँप्लेत’मध्ये अंडं, चीज आणि ‘झाँबाँ’ म्हणजे डुकराचं मांस असतं. ‘लार्दाँ’ हेही डुकराचंच. ‘फ्रोमाज’ म्हणजे चीज, ‘शाँपिन्याँ’ म्हणजे मशरूम, ‘अफ’ म्हणजे अंडं. ‘साँ व्याँद, साँ झाँबाँ, साँ प्वासाँ’ म्हटलं की मांस, हॅम, मासे नको हे कळतं. कडक शाकाहारी असाल तर आणखी एक प्रश्न विचारा : जुन्या पद्धतीच्या काही ठिकाणी तव्याला ‘सँदू’, म्हणजे डुकराची चरबी, लावतात. बाजारातली ‘गालेत-सोसिस’ ही सॉसेज गुंडाळलेली असते.

बरोबर पारंपरिक पेय सिद्र, सफरचंदाची हलकी दारू, मातीच्या वाडग्यातून. ‘दू’ गोडसर आणि सौम्य, ‘ब्र्युत’ कोरडी आणि थोडी तेज. पीत नसाल तर ‘लॅ रिबो’ मागा. ते ताक आहे, आपल्यापेक्षा दाट, आणि गालेतबरोबर पिण्याची रीत तिथे जुनी आहे. आठवडाभर परक्या मुलुखात फिरून झाल्यावर समोर ताकाचा वाडगा आला की काय वाटतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

साधं पाणी हवं तर ‘युन काराफ दो’ म्हणा, जेवणाबरोबर ते फुकट असतं. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं, टिप ऐच्छिक.

शुक्रवार सकाळ : लेऑं

पुन्हा एकदा बंदरावर उतरा. पुलाखालून, नदीकाठच्या सपाट वाटेने प्रवाहाच्या उलट दिशेला चालत राहा. पूर्वी घोडे या वाटेवरून नावा ओढत. दोन किलोमीटर, अर्धा तास. झाडं, बदकं, पाण्यात उतरलेलं धुकं, आणि मग लेऑं. हे छोटं गाव २०१८पासून दिनाँ नगरपालिकेत आहे.

इथला सँ-माग्लुआर मठ ९व्या शतकातला म्हणतात. कथा अशी : सहा गरीब संन्याशांना ब्रिटनीचा राजा नोमिनोए शिकारीला आलेला भेटला. मठासाठी जमीन मागितली तर तो म्हणाला, आधी एखाद्या संताच्या अस्थी आणा. ते सार्क बेटावर गेले आणि संत माग्लुआरच्या अस्थी चोरून घेऊन आले. जमीन मिळाली. आजचं चर्च आणि ओवऱ्यांचं अंगण नंतरच्या शतकांतलं आहे. टेकडीवर पडक्या किल्ल्याचे बुरूज आहेत. तिथवर चढायला दहा मिनिटं पुरतात, आणि तिथे बहुधा तुम्ही एकटेच असाल.

परतताना बंदराजवळ ‘ग्राँद व्हिन्य’ हे चित्रकार इव्हॉन जाँ-आफेन यांचं घर लागतं. मोसमात उघडं असलं तर बघा. ब्रिटनीचं कष्टकरी जीवन रंगवणारे मात्युरँ मेओ हे त्यांचे गुरू आणि मित्र.

पुढे

उन्हाळ्यात राँसवरून सँ-मालोकडे होडी जाते, तिची वेळ भरतीप्रमाणे बदलते. नदीच्या मुखाशी १९६६ सालचं भरती-ओहोटीवरचं वीजकेंद्र आहे, २४० मेगावॅटचं, जगातलं त्या प्रकारचं पहिलं मोठं. हातात आणखी दोन दिवस असतील तर दक्षिण किनाऱ्यावर लोरियाँला जा. ‘लोरियाँ’ म्हणजे पूर्व. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीभोवती १६६६पासून वाढलेलं हे शहर, आणि समोरच्या पोर-लुईच्या किल्ल्यात त्या कंपनीचं संग्रहालय आहे. पाँडिचेरीची जहाजं कुठून सुटायची हे तिथे बघायला मिळतं.

निघताना स्थानकावर गाडीच्या वीस मिनिटं आधी पोचा, आणि डॉलला बदलायचं आहे हे विसरू नका.